पाय तोच, मुदत मात्र निराळी

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. तेव्हा या भागात फौज म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. भरतीची जाहिरात निघाली की माझ्याकडे सर्दी-तापाचे पेशंट मागे सरकतात आणि धडधाकट पोरांची रांग लागते. कुणाला कानातला मळ काढून हवा असतो, कुणाला दातात सिमेंट भरून हवं असतं, तर कुणी नुसता चड्डीवर ताठ उभा राहतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, गुडघे लागतात का बघा.’ काही आठवड्यांनी त्यांच्यातलेच काहीजण परत येतात. या खेपेला सोबत वडील असतात, हातात चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर ‘अनफिट’.

त्या चिठ्ठीनंतर काय होतं, त्याविषयी लिहितो आहे.

आधीच एक सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना शंका राहायला नको. निकष सैल करा असं माझं म्हणणं नाही. ज्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, त्याच्या हाती सिग्नल द्यायचा नाही, हे मला पटतं. उभं राहिल्यावर पायाच्या शिरा दोरीसारख्या फुगणाऱ्या मुलाला पाठीवर ओझं देऊन डोंगर चढायला लावणं हा त्याच्यावरच अन्याय. अशा मुलाच्या आईबापांना मी स्वतः समोर बसवून सांगतो की अपिलात अर्थ नाही, पोराला दुसरी वाट दाखवा. काहीजण माझ्यावर रागावतात. रागावोत. पण बाद झालेल्यांत काही असे असतात की ज्यांना दुसऱ्या डोळ्यांनी पाहिलं तर निकाल फिरू शकतो. अशांसाठीच तर फेरतपासणीची सोय आपल्याच खात्याने ठेवली आहे. माझी तक्रार त्या सोयीबद्दल आहे. ती कुणाला किती मिळते, हे मुलगा कोणत्या दारातून आत येतो त्यावर ठरतं.

एनडीए किंवा सीडीएसची परीक्षा देऊन, एसएसबी पार करून आलेला मुलगा विशेष वैद्यकीय मंडळापुढे जातो. तिथे बाद झाला तर त्याला अपील वैद्यकीय मंडळ मागता येतं आणि ते काम 42 दिवसांत पुरं व्हायचं असतं. तिथेही बाद ठरला, तर एक दिवसाच्या आत पुनर्विलोकन मंडळासाठी अर्ज करता येतो. ते मिळणं हक्काचं नाही, सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांच्या मर्जीवर आहे. पण दार आहे. नौदलात अग्निवीर म्हणून जाणाऱ्याला जवळच्या लष्करी रुग्णालयात तज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घ्यायला 21 दिवस. आणि भूदलात अग्निवीर म्हणून रॅलीत उतरलेला, म्हणजे माझ्या रांगेतला मुलगा? त्याने पाच दिवसांत नेमून दिलेल्या लष्करी रुग्णालयात हजर व्हायचं आणि फेरतपासणी 14 दिवसांत संपवायची.

42, 21 आणि पाच. साहेब, माणसाच्या तळपायात 26 हाडं असतात, मग तो पुढे लेफ्टनंट होणार असो की शिपाई. तळपायाची कमान दोघांचीही सारखीच बनते आणि सारखीच बसते. मग मुदत वेगळी का?

सपाट पायाचंच घेऊ, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त रडारड त्यावरून होते. अधिकारी भरतीच्या नियमांत याबद्दल फार शहाणपणाचं लिहिलेलं आहे. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान परत दिसत असेल, मुलगा चवड्यांवर नीट धावू-उड्या मारू शकत असेल, पाऊल लवचिक असेल आणि दुखत नसेल, तर तो चालतो. म्हणजे पाऊल नुसतं सपाट दिसणं हा दोष नव्हे, ताठर आणि दुखरं असणं हा दोष. कुठलाही हाडांचा डॉक्टर हेच सांगेल. आता माझ्याकडे येणारा मुलगा बघा. तो रॅलीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावलेला असतो, नऊ फुटांचा खड्डा ओलांडलेला असतो, बीमला लटकून दहा वेळा हनुवटी वर नेलेली असते. त्याच्या हातात ‘फ्लॅट फूट’ असं लिहिलेली चिठ्ठी असते. मी त्याला विचारतो, चवड्यांवर उभं केलं होतं का रे? तो म्हणतो, आठवत नाही. केलं असेलही. रॅलीच्या मैदानावर दिवसभर शेकडो उघडी शरीरं तपासणाऱ्या डॉक्टरबद्दल मला सहानुभूतीच आहे, मी स्वतः शाळांमधल्या आरोग्य शिबिरांत ते काम केलं आहे. चौथ्या तासानंतर सगळे पाय सारखेच दिसायला लागतात. पण चवड्यांची चाचणी केली की नाही, एवढं चिठ्ठीवर लिहिलं तर पुढच्या तज्ज्ञालाही कळेल आणि मुलालाही.

गुडघ्यांचंही तसंच. गुडघे जुळवून उभं केल्यावर दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांमधलं अंतर मोजायचं, पुरुष उमेदवाराचं ते पाच सेंटिमीटरहून जास्त भरलं तर बाद. उभं राहण्याची ढब जराशी बदलली, मांड्या थोड्या जाड असल्या, पट्टी कुठे टेकवली, यावर सेंटिमीटरभर इकडचं तिकडे होतं. एकाच मुलाचं अंतर मी मोजलं आणि माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने मोजलं, तर आमचे आकडे जुळतीलच याची हमी मी देत नाही. म्हणून आकडा लिहायला हवा. साडेपाच भरलेल्या मुलाने धडपड करावी, नऊ भरलेल्याने करू नये. ‘नॉक नी’ एवढ्या दोन शब्दांवरून हे कसं ठरवायचं?

रक्तदाबाची गोष्ट मात्र मला खरोखर टोचते. अधिकारी भरतीच्या नियमांत लिहिलंय की 140/90 किंवा त्याहून जास्त दाब सतत निघत असेल तर उमेदवार बाद. पण त्याआधी चोवीस तास यंत्र लावून दाब मोजायचा, म्हणजे डॉक्टरला पाहून भीतीने वाढलेला दाब आणि खराखुरा रोग वेगळे करता येतात. उत्तम नियम आहे. आता रॅलीला आलेला पोरगा डोळ्यांपुढे आणा. आदल्या रात्री एसटीने आलेला, मैदानाबाहेर चटईवर झोपलेला, पहाटे धावलेला, कुणीतरी सांगितलं म्हणून कसली तरी ताकदीची बाटली प्यालेला. त्याच्या दंडाला पट्टा बांधला की छातीतले ठोके त्याचे त्यालाच ऐकू येत असतात. चोवीस तासांच्या मोजणीची गरज कुणाला जास्त आहे, आपणच सांगा.

पाच दिवसांची मुदत कागदावर पाच दिवसांची दिसते. कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली सातारा, सांगली, सोलापूरपासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पार गोव्यापर्यंतचा मुलूख येतो. दोडामार्गकडच्या एखाद्या वाडीतल्या मुलाला पुण्याच्या रुग्णालयात हजर व्हायला सांगितलं, तर पहिला दिवस घरी पोचण्यात, दुसरा रडण्यात, तिसरा वडिलांनी पैशांची जुळवाजुळव करण्यात जातो. चौथ्या दिवशी ते माझ्यासारख्या डॉक्टरकडे येतात आणि विचारतात, काय करायचं? मी चिठ्ठी वाचून, फोनाफोनी करून त्यांना समजावेपर्यंत पाचवा दिवस उजाडलेला असतो. उपचाराला तर यात जागाच नाही. अधिकारी भरतीत तात्पुरता अनफिट ठरलेला मुलगा 42 दिवसांत दात भरून घेतो (किमान 14 डेंटल पॉइंट लागतात), वजन चार किलो उतरवतो, कान-नाकाचा किरकोळ इलाज करून अपील मंडळापुढे उभा राहतो. हे योग्यच आहे. तेच दात जवानाला पाच दिवसांत कुठून भरून आणता येणार?

आणि त्याचं वयही थांबत नाही. 14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट साडेसतरा ते 21 अशी ठरली. त्या पहिल्या वर्षापुरती ती 23 केली होती. 2023 पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग मैदान, शेवटी मेडिकल. म्हणजे मेडिकलपर्यंत पोचलेला मुलगा अभ्यासातही पास झालेला असतो आणि धावण्यातही. बारावीनंतर तयारीला लागलेल्याच्या वाट्याला अशा फार तर दोन-तीन भरत्या येतात. त्यातली एक ‘तीन दातांपायी’ गेली, हे घरच्यांना पचत नाही. मलाही नाही.

रॅलीतला डॉक्टर बाद करण्याकडे का झुकतो, हेही मी समजू शकतो. 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असं धरायचं. पुढे आलेलं अपंगत्व नोकरीमुळे आलं नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर. सैनिकाच्या बाजूचा हा निर्णय मला मनापासून मान्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा की भरतीच्या टेबलावर ‘फिट’ लिहिणाऱ्याची सही वर्षानुवर्षं जबाबदार राहते, ‘अनफिट’ लिहिणाऱ्याला मात्र कुणी कधी विचारत नाही. शंका आली की बाद करणं त्याला सोपं. म्हणून तर दुसरी तपासणी दणकट हवी. पहिल्या चाळणीची भोकं बारीक ठेवलीत, हरकत नाही, पण मग वर राहिलेलं एकदा हाताने निवडायला पुरेसा वेळ द्या.

वेळ नसतो तिथे दलाल असतो. रॅलीच्या आसपासच्या चहाच्या टपऱ्यांवर ‘मेडिकल मॅनेज करतो’ म्हणणारी माणसं भेटतात, हे आपल्या खात्याला माहीत नाही असं नाही. भरतीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘दलालांपासून सावध’ ही ओळ असतेच. पण ज्या बापाला अपील नावाची चीज आहे, ती कुठे करायची, किती दिवसांत करायची आणि तिला किती पैसे पडतात हे कुणीच सांगितलेलं नाही, तो कुणाकडे जाणार? वायुसेनेच्या भरतीत अपील मंडळाची फी 40 रुपये आहे. चाळीस! सरकारी कोषागारात किंवा स्टेट बँकेत भरायचे. हा आकडा मी सांगतो तेव्हा लोकांना खरा वाटत नाही, कारण त्यांनी ऐकलेल्या आकड्यात आणखी बरीच शून्यं असतात. टपरीवरच्या माणसाचं भांडवल तेवढंच. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हे छापलं तर त्याचा धंदा निम्मा बसेल.

आता थोडं माझ्याच पेशाबद्दल. बाद झालेला मुलगा आला की आम्ही खासगी डॉक्टर लेटरहेडवर लिहून देतो, ‘मिलिटरी सेवेसाठी पूर्णपणे तंदुरुस्त’. मुलाला बरं वाटतं, बापाला बरं वाटतं. अशा कागदाची किंमत शून्य असते. निमलष्करी दलांच्या भरतीत काही वर्षांपूर्वीपर्यंत तर असा नियमच होता की, ‘या उमेदवाराला वैद्यकीय मंडळाने आधी अयोग्य ठरवलं आहे हे ठाऊक असूनही मी हे प्रमाणपत्र देत आहे’ अशी नोंद डॉक्टरने केली नसेल, तर ते विचारातही घेतलं जाणार नाही. आमच्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? न्यायालयंही वारंवार सांगत आली आहेत की बाहेरच्या डॉक्टरच्या मतावर दलाच्या डॉक्टरचं मत उलटवता येणार नाही, कारण तिथलं काम काय असतं हे त्यालाच ठाऊक. मात्र 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच भरती प्रकरणांत जिथे हात घालता येतो अशा जागाही दाखवून दिल्या. पहिल्या आणि फेरतपासणीच्या निष्कर्षांत मेळ नसेल, किंवा तज्ज्ञाची गरज असताना मंडळात तज्ज्ञच नसेल, तर न्यायालय लक्ष घालू शकतं. म्हणजे वकिलालासुद्धा शेवटी कागदच लागतो: काय मोजलं, किती भरलं, कुणी मोजलं. आमच्याकडचा मुलगा दिल्लीच्या न्यायालयापर्यंत पोचत नाही. पोचण्याची गरज पडू नये, म्हणून ही अर्जी.

वाटेत एक वेगळी सूचना करून ठेवतो. ती खरं तर आपल्या एकट्याच्या खात्याची नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आमच्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं शाळाशाळांत मुलं तपासतात. दहावीच्या वर्गात याच पथकाने रंगांच्या ठिपक्यांचं ते इशिहाराचं पुस्तक दाखवलं, चवड्यांवर उभं केलं, नाकाचा पडदा पाहिला, तर किती घरांचे पैसे आणि किती मुलांची वर्षं वाचतील! रंगांधळेपणावर उपचार नाही. तो सोळाव्या वर्षी कळला तर मुलगा आयटीआयला जातो. विसाव्या वर्षी, भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत दोन वर्षं घालवून, बापाने एक म्हैस विकल्यावर कळला तर त्याला कुठे जावं ते सुचत नाही. आरोग्यमंत्र्यांशी आपण एकदा बोलावं.

अधिकारी भरतीत मुलं थोडी, रॅलीत हजारो. सगळ्यांना 42 दिवस दिले तर भरती संपणार कधी, असं आपल्याला सांगितलं जाईल. खरं आहे, संख्या मोठी आहे. पण मेडिकलनंतर अंतिम गुणवत्ता यादी लागेपर्यंत आणि प्रशिक्षण केंद्राचं बोलावणं येईपर्यंत मुलं घरी बसून वाटच बघत असतात. तो काळ फेरतपासणीला का वापरू नये? आणि रुग्णालयांची वाण तर महाराष्ट्रात मुळीच नाही. पुण्यात कमांड हॉस्पिटल आणि सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल, मुंबईत नौदलाचं अश्विनी, शिवाय देवळाली आणि कामठी. मुलाला यांतलं त्याच्या जवळचं निवडू द्या. एसटीचं भाडं तो भरेल, तक्रार करणार नाही.

मला मोठी सुधारणा नको, आयोग नको, समिती तर मुळीच नको. दोन गोष्टी हव्या आहेत. बाद झालेल्या प्रत्येक मुलाच्या हातात मैदान सोडण्यापूर्वी एक पूर्ण कागद द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत. दोष कोणता, मोजमाप किती, नियमात हद्द किती, कोणती चाचणी केली, दोष कायमचा की तात्पुरता, फेरतपासणी कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, फी किती, हे सगळं त्यात यावं. हा कागद भरायला डॉक्टरला फार तर दोन मिनिटं जास्त लागतील. आणि फेरतपासणीची मुदत सगळ्या दारांना एकच करा. अधिकाऱ्याचे 42 दिवस कमी करू नका, जवानाचे वाढवा.

हे पत्र वाचणाऱ्या मुलांनाही दोन शब्द, कारण मंत्र्यांचं उत्तर यायला वेळ लागेल आणि तुमची पुढची भरती त्याआधी येईल. चिठ्ठी हातात पडली की मैदान सोडू नका. तिथल्या तिथे नम्रपणे विचारा, सर, रिव्ह्यूला कुठे आणि कधी हजर व्हायचं? कागदाचा लगेच मोबाइलवर फोटो काढा. घरी जाऊन रडायच्या आधी त्या दोषाच्या तज्ज्ञाकडे जा, माझ्यासारख्या जनरल डॉक्टरकडे नको, आणि त्याच्याकडून ‘फिट’ नव्हे तर मोजमाप लिहून घ्या. दोष खरा निघाला तर तो मान्य करा. लष्करी डॉक्टर हा तुमचा शत्रू नाही.

साहेब, अग्निवीर भरतीची पुढची अधिसूचना आपल्याच मंत्रालयातून निघेल. तिच्यात फेरतपासणीची जी एक ओळ असते, तीत पाचच्या जागी 42 हा आकडा घालावा, एवढीच विनंती.

आपला विश्वासू,
सातारा जिल्ह्यातला एक डॉक्टर